दोन कपाटांपलीकडचं इंग्रजी

आमच्या कॉलेजातला इंग्रजी विभाग म्हणजे स्टाफरूमचा खिडकीकडचा कोपरा. मध्ये दोन गोदरेजची कपाटं उभी करून तो वेगळा काढलेला आहे. कपाटांच्या अलीकडे मराठी, पलीकडे इंग्रजी. मी अलीकडचा. ही वाटणी कुणी केली याची नोंद कुठल्याही इतिवृत्तात नाही, पण खिडकी त्यांच्याकडे गेली आणि पंखा आमच्याकडे राहिला, यावरून ती करणारा शहाणा असावा. सोलापुरात मार्च लागला की खिडकीतून झळा येतात, मग अख्खा इंग्रजी विभाग खुर्च्या ओढत आमच्या पंख्याखाली येतो. हुरड्याच्या दिवसांत वारं गार झालं की आम्ही त्यांच्या खिडकीत जाऊन उभे राहतो. भाषावादाचा अहवाल म्हणून याहून जास्त लिहिण्यासारखं आमच्याकडे काही घडलेलं नाही.

कॉलेजचं नाव सांगत नाही. सोलापुरात कॉलेजांची परंपरा जुनी आहे, त्यामुळे ज्याला त्याला हे आपलंच वाटेल. दयानंद १९४० चं, संगमेश्वर १९५३ चं. दयानंद निघालं तेव्हा ते मुंबई विद्यापीठाचं होतं. १९४९ साली पुणे विद्यापीठ आलं, १९६२ साली कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आलं, आणि २००४ साली सोलापूरला स्वतःचं, एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ मिळालं. त्याला २०१९ मध्ये अहिल्यादेवींचं नाव लाभलं. या सगळ्या काळात शेक्सपिअर जागचा हलला नाही. हलला तो अभ्यासक्रमातल्या कुठल्या युनिटमध्ये बसायचं याच्यापुरता. आमचे भाऊसाहेब कार्यालयातून नवं परिपत्रक घेऊन आले की पलीकडून एकच प्रश्न यायचा, "ऑथेल्लो आहे का गेला?"

पलीकडच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात दोरीनं बांधलेली झेरॉक्सची बाडं होती. पिवळी पडलेली, कडा झिजलेल्या. त्यांवर हैदराबादच्या अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटरचा शिक्का. माझ्या पाहण्यातल्या एका पिढीच्या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी सोलापूर, कोल्हापूर, नांदेड कुठंही राहून पीएच.डी. केली ती हेमिंग्वे, फॉकनर, मालामूड असल्या अमेरिकन मंडळींवर. मला फार दिवस याचं कोडं होतं. कीट्स-वर्ड्‌स्वर्थ शिकवून पोट भरणाऱ्या माणसानं संशोधनाला एकदम शिकागो का गाठावं? पुढं कळलं, याचं कारण रेल्वेचं वेळापत्रक. कीट्सवर नवं काही शोधायचं तर लंडनला जायला हवं, आणि तो खर्च पगारात बसत नाही. हैदराबादची गाडी मात्र सोलापूरवरूनच जाते. रात्री बसलं की सकाळी उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात. १९६४ साली तिथं हे केंद्र निघालं आणि अमेरिकन साहित्याचा अफाट संग्रह एका रात्रीच्या अंतरावर येऊन पडला.

त्यातही एक गंमत आहे. अमेरिकेनं पीएल ४८० कायद्याखाली भारताला धान्य दिलं, त्याची किंमत रुपयांत घेतली आणि ते रुपये इथंच साठले. त्यांतला काही भाग या केंद्राच्या कामी आला. दुष्काळातली तांबडी मिलो ज्वारी आठवणारी माणसं आमच्या जिल्ह्यात अजून आहेत, आणि आठवताना तोंड वाकडं करणारीही. मालदांडी खाऊन वाढलेल्या, मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणणाऱ्या लोकांना परक्या धान्याची भाकरी घशाखाली उतरली नाही. ग्रंथालयाची पुस्तकं मात्र उतरली. त्या धान्याच्या पैशांतून आमच्या जिल्ह्यात किती डॉक्टरेट पिकल्या, याचा हेक्टरी उतारा कुणीतरी काढायला हवा.

त्यांतलं एक पीक म्हणजे आमचे बेलोसर. खरं नाव वेगळं, पण सॉल बेलोवर प्रबंध, म्हणून बेलोसर. १९७६ साली बेलोला नोबेल मिळालं तेव्हा सरांचं दुसरं प्रकरण चालू होतं. सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले म्हणतात. शिपाईमामांनी "मुलगा का मुलगी?" विचारलं, तेव्हा सरांनी शांतपणे "साहित्य" असं उत्तर दिलं, आणि मामांनी दुसरा पेढा उचलला. ही गोष्ट मी नोकरीला लागण्याआधीची, त्यामुळे खरी-खोटी मामा जाणोत.

मी पाहिलेले बेलोसर म्हणजे गावाची पत्र लिहिणारी पेढी. सोलापूरची चादर सगळ्यांना माहीत असते, पण टेरी टॉवेल परदेशी जायला लागले तेव्हा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कारखानदारांना पहिली अडचण आली ती इंग्रजीची. माल उत्तम, पण तिकडून फॅक्स येतो तो वाचायचा कुणी आणि उत्तर द्यायचं कुणी? मग संध्याकाळी स्कूटर कॉलेजच्या दारात लागायची. "सर, एवढं बघा की जरा." सर चष्मा लावायचे. धुतल्यावर रंग उतरतो, दर चौरस मीटरला ठरलेलं वजन भरत नाही, काठाची शिवण उसवली, असल्या तक्रारी. सरांना टॉवेलमधलं काही कळत नव्हतं. त्यांना वाक्य कळत होतं. हेन्‍री जेम्स वाचून वाचून त्यांचं एकेक वाक्य दहा-बारा ओळींचं झालेलं. त्यात खेद असे, कौतुक असे, हवामानाचा उल्लेख असे, मध्येच 'तथापि' येऊन सगळं उलटं फिरे, आणि शेवटी कारखानदारानं माफी मागितली की गिऱ्हाइकाला समज दिली, हे गिऱ्हाइकाला ठरवता येत नसे. पुढची ऑर्डर यायची. कारखानदार फीचं पाकीट काढायचा, सर हात जोडायचे. मग दिवाळीला टॉवेल यायचे. निवृत्तीनंतरही सरांना टॉवेल विकत घ्यावा लागलेला नाही.

बेलोच्या 'हर्झॉग' कादंबरीचा नायक जगातल्या सगळ्यांना पत्रं लिहितो आणि एकही टाकत नाही. मी एकदा सरांना म्हटलं, "तुमचं बरोबर उलटं झालं. तुमचं एकही पत्र पोस्टात पडल्यावाचून राहिलं नाही, पण एकावरही तुमची सही नाही." सर जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "हे माझ्या प्रबंधात हवं होतं." गाईडनं ठेवलं नसतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

विभागप्रमुखांचं प्रकरण निराळं. घरात कन्नड, स्टाफरूममध्ये मराठी, रिक्षावाल्याशी दखनी, भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरतं तेलुगू, आणि इंग्रजी फक्त वर्गात. वर्गाचा उंबरा ओलांडला की खडू खाली ठेवावा तसं ते इंग्रजी ठेवून देत. रागावले की कन्नडवर जात. पोरं म्हणायची, सर इंग्रजीत ओरडले तर काळजी नको, ते अजून शिकवतायत. कन्नडमध्ये गेले की पळायचं. लग्नपत्रिकांची इंग्रजी बाजू तपासायलाही यांच्याकडेच यायची. 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ इंग्रजीत कशी न्यायची, यावर त्यांनी मार्गशीर्षातली एक अख्खी दुपार घालवलेली मी पाहिली आहे. अखेर त्यांनी ती ओळ मराठीतच राहू दिली आणि खाली तीन लाडू काढायला सांगितलं.

या भागात भाषांचं असं येणं-जाणं नवं नाही. धारवाडचे द. रा. बेंद्रे १९४४ ते १९५६ अशी बारा वर्षं सोलापूरच्या डी.ए.व्ही. म्हणजे दयानंद कॉलेजात कन्नड शिकवत होते. पुढं १९७३ साली त्यांना ज्ञानपीठ मिळालं. आणि इकडून पाहावं तर जी. ए. कुलकर्णी धारवाडला बसून जवळजवळ सगळी नोकरी इंग्रजी शिकवत होते आणि मराठी कथा लिहीत होते. कन्नडचा मोठा कवी मराठी मुलखात, मराठीचा मोठा कथाकार कन्नड मुलखात. विंदा, राजाध्यक्ष, नेमाडे, विलास सारंग हे सगळे इंग्रजीचेच मास्तर. हे आठवलं की मला आमच्या बाजूची जरा लाज वाटते. कपाटाच्या पलीकडे बसलेल्यांनी मराठी लिहिली आणि अलीकडच्यांनी तिच्या नोट्स काढल्या. विभागप्रमुखांना मी हे बोलून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "त्यात काय, दिवसभर दुसऱ्याच्या भाषेत बोललं की संध्याकाळी घरी यावंसं वाटतं."

आता मॅडम. मॅडम शहराच्या पूर्वभागातल्या, पद्मशाली विणकर घरातल्या. खाली यंत्रमाग आणि वर माणसं, असल्या घरात त्यांचा सगळा अभ्यास झाला. हैदराबादच्या इंग्रजीच्या केंद्रीय संस्थेत उच्चारशास्त्र शिकून आल्या, येताना डॅनियल जोन्सचा उच्चारकोश घेऊन आल्या आणि आमच्या अख्ख्या स्टाफरूमची जीभ सरळ करायला निघाल्या. आम्ही दाद दिली नाही. मुलांनी दिली, कारण मॅडमची रीत न्यारी होती. इंग्रजी पद्यातला तो पाच ठोक्यांचा प्रसिद्ध छंद, पहिला हलका आणि दुसरा जड, फळ्यावर खुणा काढून कुणाच्या बापाला कळत नाही. मॅडम फळ्याकडे जातच नसत. डस्टर उलटा धरून टेबलावर वाजवत: ख-टाक्, ख-टाक्, ख-टाक्. मागाच्या आवाजात जन्मलेली मुलं. पाचव्या ठोक्याला त्यांचे पाय बाकाखाली आपोआप हलत. मग त्या ठोक्यावर मॅडम मार्लोची ओळ सोडून देत आणि ती जाऊन बसे. सरकारी अनुदानातून पुढं भाषा-प्रयोगशाळा आली, हेडफोन आले, ते अजून प्लॅस्टिकमध्ये आहेत. डस्टर मात्र दोन झिजले.

ऑथेल्लोचा तास मी कपाटापलीकडून ऐकलेला नाही, प्रत्यक्ष बसून ऐकला. आमचा वर्ग गळत होता म्हणून पावसाळ्यात मी माझी पोरं घेऊन मॅडमच्या मागच्या बाकांवर बसायचो. त्या दिवशी रुमालाचा भाग चालला होता. डेस्डिमोनाचा स्ट्रॉबेरीच्या नक्षीचा रेशमी रुमाल हरवतो, तो इयागो कॅसिओच्या खोलीत टाकतो, कॅसिओला नक्षी आवडते आणि तो बियांकाला म्हणतो, मला हुबेहूब असा दुसरा करून दे. पुढं ती रागानं तो परत आणून फेकते. मॅडम मत्सरावर बोलत होत्या. पुस्तकांत असतं ते सगळं: रुमाल हे विश्वासाचं प्रतीक, नक्षी हे अमुक, रेशीम हे तमुक.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. हिच्या वडिलांचे चादरीचे दोन माग. तिनं विचारलं, "मॅडम, नक्षी विणलेली होती का भरलेली?"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "का गं?"

"विणलेली असली तर एका रात्रीत कुणी नक्कल करून देत नाही. आधी आलेखाच्या कागदावर काढावी लागती, मग कार्डं पाडायची, कार्डं ओवायची, मागावर चढवायची. आमच्याकडं एका चादरीच्या डिझाइनला किती दिवस लागतेत. भरलेली असली तर जमंल. पण ते तिनं का करावं?"

मॅडमनी पुस्तक उघडलं. सिबिलनं ते काम सुईनं केलं असं ऑथेल्लो सांगतो, म्हणजे भरलेली. मुलीनं मान हलवली, पण ती बसेना.

"तरी बी मॅडम, ती चिडून परत देती ते बरोबरच आहे. त्यानं मजुरीचं काय बोललंच नाही की."

मी ऑथेल्लोवरची पुस्तकं फार वाचलेली नाहीत, पण बियांकाच्या मजुरीचा मुद्दा काढलेला एकही मला भेटला नाही. सगळे मोठे टीकाकार त्या रुमालाभोवती फिरतात आणि तो कुणाच्या हातचा, किती कष्टाचा, हे बाजूला ठेवतात. नाटकात तो रुमाल या हातातून त्या हातात जातो आणि प्रत्येक जण त्याच्यात आपल्याला हवं ते पाहतो. बायकांना मात्र दर वेळी तो उचलून द्यायचा, शोधून द्यायचा, नाहीतर करून द्यायचा असतो. पूर्वभागातल्या पोरीला हे एका वाचनात दिसलं, कारण तिच्या घरी कापड हे प्रतीक नसतं, ऑर्डर असते. त्या दिवशी हातात अधिकार असता तर मी तिला तिथंच पीएच.डी. देऊन मोकळा झालो असतो.

तास सुटल्यावर मी मॅडमना म्हटलं, हे लिहा, पेपर करा. त्यांनी टेबलावरची फाइल दाखवली. त्या महिन्यात त्यांना 'डायस्पोरा' या विषयावर पेपर द्यायचा होता.

हा डायस्पोरा एका काळी आमच्या जिल्ह्यात फार वाढला होता. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं बढतीला गुणांकन लावलं, आणि तोपर्यंत सुखानं शिकवणाऱ्या माणसांना पेपरचे गुण, चर्चासत्राचे गुण, आयएसबीएन असलेल्या पुस्तकाचे गुण मोजायला बसावं लागलं. मग गावोगाव राष्ट्रीय चर्चासत्रं निघाली. आमच्याकडच्या चर्चासत्राची मात्र ख्याती होती, आणि ती जेवणामुळं. कडक भाकरी, शेंगापोळी, वर निघताना शेंगाचटणीचं पाकीट. पाहुणे नागपुराहून यायचे. उद्घाटनाला सभागृह भरलेलं, जेवणाला त्याहून भरलेलं, आणि जेवणानंतर पेपर वाचणाऱ्याला अध्यक्ष, सूत्रसंचालक आणि पुढचा पेपर वाचणारा एवढाच श्रोतृवर्ग. मंचावर टोनी मॉरिसन, झुंपा लाहिरी, किरण देसाई यांच्या विस्थापनावर बोलणं चालायचं. बोलणारे बहुतेक तेलंगणातून तीन पिढ्यांपूर्वी सोलापूरच्या गिरण्यांसाठी उठून आलेल्या घरांतले, नाहीतर गिरण्या बंद पडल्यावर पुण्याला पांगलेल्या घरांतले. १८७७ ची जुनी गिरणी, तिचे भोंगे, तिची चाळ, यांच्यावर एकही पेपर मी ऐकला नाही. डिकन्सचं 'हार्ड टाइम्स' शिकवताना मात्र विभागप्रमुख त्यातलं गिरण्यांचं गाव कोकटाउन समजावायला खिडकीतून हात बाहेर काढायचे. तिकडं आता चिमणी उरलेली नाही. पोरं तरी त्या दिशेला बघायची.

कॉलेजाला श्रेणी देणाऱ्या नॅकची समिती यायची असली की दोन्ही विभाग एक होत. अमुक कार्यक्रमाचा जिओ-टॅग फोटो हवा म्हणून कपाटांसमोर उभं राहायचं, कपाटांचे दरवाजे उघडे ठेवायचे म्हणजे पुस्तकं दिसतात. एका फोटोत मी इंग्रजीचा माजी विद्यार्थी म्हणून आहे.

सर्वांत शेवटी आले ते तासिका तत्त्वावरचे सर. नेट पास, पीएच.डी. झालेली, वय पस्तिशीकडे झुकलेलं. कायम जागा निघेल निघेल म्हणता निघत नव्हती, म्हणून सकाळी आमच्याकडे, दुपारी मोहोळच्या बाजूला दुसऱ्या कॉलेजात. एसटीत उभ्यानं फुको वाचतात. त्यांना कपाटांपलीकडे स्वतःची खुर्ची नाही. ज्याचा तास चालू असेल त्याच्या खुर्चीत बसतात, आणि तास सुटला की उठतात. वाचन मात्र विभागात सर्वांत जास्त यांचंच. बेलोसर अजूनही पेन्शनच्या कामाला आले की आधी यांना शोधतात. दोघांचं बोलणं ऐकत राहावं. एकाला अर्ध्या शतकाची अमेरिकन कादंबरी पाठ, दुसऱ्याला कालपरवाचा फ्रेंच सिद्धांत, आणि मध्ये मामांचा कटिंग चहा, ज्याचे पैसे कोण देणार यावर रोज वाद. देतात बेलोसर. तासिकेचे पैसे सहा-सहा महिन्यांनी येतात हे त्यांना माहीत आहे, आणि ते कधी बोलून दाखवत नाहीत. "आज टॉवेलवाल्यांनी दिलेत" म्हणतात.

यंदा या सरांकडे बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो' आलं. १९५३ साली, इकडं संगमेश्वर कॉलेज निघालं त्याच वर्षी, पॅरिसला ते पहिल्यांदा रंगमंचावर आलं, आणि दोन माणसं झाडाखाली कुणाची तरी वाट पाहत बसतात, तो येत नाही, एवढंच घडतं म्हणून जाणकारांनी डोकी खाजवली. सरांनी तयारी जंगी केली होती. अस्तित्ववाद, दुसरं महायुद्ध, निरर्थकता, सगळं. वर्गाला काहीच समजावावं लागलं नाही. सोलापुरात नळाला पाणी येतं ते काही दिवसांआड, आणि ते किती वाजता येईल हे उजनी धरणालाही माहीत नसतं. माहीत असतं ते फक्त पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला. घरटी एक माणूस कळशी-बादल्या मांडून बसलेला असतो. जावं म्हणतो, जात नाही. कारण जावं आणि नेमकं पाणी यावं.

दोन्ही अंकांच्या शेवटी एक पोरगा येऊन निरोप देतो, गोदोसाहेब आज येत नाहीत, उद्या नक्की येतील. तो कोण, कुणाचा, याच्यावर पुस्तकांत बरंच लिहिलेलं आहे. सरांनी ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला, "सर, तो चावीवाल्याचा पोरगा आहे."

"आणि त्या दोघांचं काय चुकलं?" सरांनी विचारलं.

"चावीवाल्याचा नंबर घेऊन ठेवला नाही, सर."

सरांनी हे वहीत टिपून घेतलं. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या दोघी उठल्या. "सर, आज आमच्याकडं पाण्याचा दिवस आहे, जाऊ का?" त्यांच्यामागून आणखी चौघं. सर कुठं राहतात हे मला ठाऊक आहे; त्यांची आणि त्या पोरींची टाकी एकच. त्यांनी घड्याळ पाहिलं, हजेरीपट मिटला आणि म्हणाले, "दुसरा अंक उद्या. पहिल्यासारखाच आहे."